ओला चिखल पुसू नये
या आठवड्यात मोलगीच्या स्टँडजवळ एक पाहुणा दिसला. भर पावसात देवगोई घाटात सायकल दामटून आलेला, आणि आता ती मोटारीत कोंबल्यावर सीटवरचा ओला चिखल कागदी रुमालाने पुसत होता. पुसत कसला, सारवत होता! मंडळी, ओला चिखल पुसू नये म्हणजे नये. इकडचा सातपुडा काळ्या बसाल्टचा; तो झिजून झालेली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून तडकते. मग कोरडा ब्रश मारला की ढलप्या सुटतात, उरलेल्या धुळीला फडकं पुरतं. खरा वैरी चेनचं काळं वंगण. ते सीटच्या कापडात एकदा शिरलं की गाडी विकेपर्यंत सोबत करतं. म्हणून पुढचं चाक काढावं, चेनची बाजू वर करून सायकल आडवी घालावी, खाली ताडपत्री आणि तिच्यावर जुनी गोधडी. गोधडी हवीच, नुसत्या ताडपत्रीवर पाणी साचतं आणि पहिल्याच वळणाला कडेने मॅटखाली उतरतं, मग पंधरा दिवस कुबट वास. देवगोईत वळणांना काय तोटा! यासाठी महागडी खास कव्हरं घेणं मला तरी उधळपट्टी वाटते. उसवून पसरलेल्या खताच्या गोण्या तेच काम करतात. इथले जीपवाले या भानगडीतच पडत नाहीत. सायकल टपावर बांधून मोकळे. आतली जागा माणसांना आणि भगरीच्या पोत्यांनाच पुरत नाही.