टोपणनाव की बिल्ला?

परवा धाकट्या जावेचा फोन आला. "ताई, तुम्ही म्हणे नातीकडून कॉम्प्युटरची भाषा शिकताय. या वयात कशाला हो हा उपद्व्याप?" म्हटलं, अगं, शब्दकोडं सोडवते तसंच हेही. पण नंतर जे घडलं ते शब्दकोड्यापेक्षा जरा जास्त होतं, म्हणून लिहायला बसले. सी प्लस प्लस न येणाऱ्यांनीही वाचा, फार अवघड नाही. जाणकारांनी माझं चुकलं तर कान धरावा.

नात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. बारा मुलींची नावं आणि गुण द्यायचे, सर्वांत जास्त गुण कोणाला ते शोधायचं आणि शेवटी सगळी यादी छापायची. पहिला नंबर अचूक आला. बाईसाहेब खूश! मी मात्र सवयीने यादी वरून खाली वाचू लागले. इतकी वर्षं हजेरी घेतलेली मास्तरीण मी. यादीतली पहिलीच मुलगी गायब! तिच्या जागी पहिला नंबर आलेली मुलगी, आणि तीच पुन्हा सातव्या जागी. मुलींची संख्या मात्र बाराच. नुसतं मोजणाऱ्याला काही कळलं नसतं.

आता हे का झालं? या भाषेत एखाद्या गोष्टीकडे बोट दाखवायचे दोन मार्ग आहेत, रेफरन्स आणि पॉइंटर. रेफरन्स म्हणजे टोपणनाव. एकदा एका मुलाला 'बंड्या' म्हटलं की तो जन्मभर बंड्या, ते नाव काढून दुसऱ्याला देता येत नाही. पॉइंटर म्हणजे वर्गातल्या मॉनिटरचा बिल्ला. या आठवड्यात एकाच्या शर्टावर, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या आणि सुट्टीत टेबलाच्या खणात, म्हणजे कोणाकडेच नाही. या खणातल्या बिल्ल्याला 2011 सालच्या सी प्लस प्लसपासून 'नलपॉइंटर' असा स्वतंत्र शब्द आहे.

नातीने 'सर्वांत हुशार' हा रेफरन्स केला आणि तो यादीतल्या पहिल्या मुलीला चिकटवला. मग एकेक मुलगी बघत, जास्त गुणांची सापडली की "हुशार = ही" असं लिहिलं. तिला वाटलं नाव सरकलं. नाव कसलं सरकतंय! बरोबरचं चिन्ह पहिल्या वेळी नाव चिकटवतं, पण त्यानंतर त्याच चिन्हाचा अर्थ 'या नावाच्या गोष्टीत हे भर' असा होतो. म्हणजे बिल्ला काढून दुसऱ्या मुलीला लावायच्या ऐवजी पहिल्या मुलीलाच पुसून तिच्यावर दुसरी लिहिली गेली. एक चिन्ह, दोन अर्थ. माझ्यासारख्या व्याकरणवालीला हे फारच खुपलं.

गंमत अशी की हे नाव सरकत नाही ते मुद्दामच. भाषेचे कर्ते ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनी 1994 च्या आपल्या पुस्तकात लिहिलंय की अल्गोल 68 या जुन्या भाषेत बरोबरच्या चिन्हाने कधी आतली वस्तू बदलायची तर कधी नावच दुसरीकडे जायचं, आणि त्याचा त्यांना त्रास झाला होता. म्हणून त्यांनी ठरवलं, रेफरन्स एकदा चिकटला की चिकटला.

नातीच्या कॉलेजातला एक सीनियर म्हणाला, "म्हणूनच मी फंक्शनच्या आत सरसकट पॉइंटर वापरतो. वापरताना तारा किंवा बाण दिसतो, म्हणजे वस्तू दुसरीकडे आहे हे कळतं." मुद्दा खोटा नाही. रेफरन्स दिसायला अगदी साध्या व्हेरिएबलसारखा, त्याला हात लावला की बाहेरचं काहीतरी बदलतंय हे पटकन लक्षात येत नाही. पण म्हणून सगळीकडे पॉइंटर? मला नाही पटत. पॉइंटर दिसला की वाचणाऱ्याच्या मनात दोन प्रश्न येतात. हा रिकामा असेल का? पुढे दुसरीकडे वळेल का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर त्याला उगाच कशाला शोधायला लावायचं?

तर माझं मत असं. नाव शेवटपर्यंत एकाच वस्तूचं राहणार असेल तर रेफरन्स, आणि वस्तू बदलायची नसेल तर त्याच्या आधी न विसरता 'कॉन्स्ट' लिहा. नातीने तो एक शब्द लिहिला असता तर कंपायलरने तिथेच अडवलं असतं आणि ती मुलगी वाचली असती! जिथे नाव एकीकडून दुसरीकडे जाणार किंवा कधी रिकामं असणार, तिथे पॉइंटर. 'आत्तापर्यंतची सर्वांत हुशार' हे टोपणनाव नव्हेच, तो बिल्लाच. यादीतून फिरणारी 'ही' मात्र रेफरन्सच हवी, कारण दर फेरीला ते नाव नव्याने जन्मतं. तिथला & विसरलात तर 'ही' नुसती नक्कल होते, फेरीबरोबर संपते आणि बिल्ला नसलेल्या मुलीला लावल्यासारखं होतं.

रेफरन्स म्हणजे सुरक्षित, या भ्रमातही राहू नका. व्हेक्टरमध्ये नवीन नावं घातली आणि जागा कमी पडली की तो सगळं बिऱ्हाड दुसरीकडे हलवतो. मग टोपणनाव काय नि बिल्ला काय, दोन्ही जुन्या रिकाम्या घराकडे बघत बसतात.

नातीने दोन ओळी बदलल्या, प्रोग्रॅम पुन्हा चालवला. पहिली मुलगी आपल्या जागी परत आली. मी नकळत म्हटलं, "हजर!" नात हसली. म्हणाली, "आज्जी, उत्तर तर आधीही बरोबरच होतं की."

उत्तर बरोबर होतं गं, पण एक मुलगी गेली होती ना.

असो. तुम्ही काय वापरता ते जरूर कळवा.