पुढचे गाणे कोणते?

२००१ साली रेडिओ मिर्चीने आपले पहिले केंद्र आपल्या इंदुरात उघडले. तेव्हापासून खासगी केंद्रांवरचे एक वाक्य कानांच्या चांगलेच सवयीचे झाले आहे : ‘कुठे जाऊ नका, तुमचे आवडते गाणे येतेच आहे.’ मागोमाग जाहिराती. गाणे कोणते, ते मात्र गुलदस्तात!

यातले गणित सोपे आहे. जाहिरात लागली की श्रोत्याचा हात बटणाकडे जातो, आणि जाहिरातदार पैसे मोजतो ते ऐकणाऱ्या कानांचे. अमेरिकेतील श्रोतृगणनेत पाव तासाचा हिशेब चालत आला आहे. त्यात काही मिनिटे ऐकणारा त्या सबंध पाव तासाचा श्रोता धरला जातो. मग आमिष दाखवून त्याला पुढच्या पाव तासात ओढून नेणे, हे निवेदकाचे कामच होऊन बसते.

उत्सुकता ताणणे हा काही गुन्हा नव्हे. १९५२ साली रेडिओ सिलोनवर सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’ तरी दुसरे काय करीत होती? प्रारंभी गाण्यांचा क्रम श्रोत्यांनीच ओळखून कळवायचा असे; पुढे अमीन सयानी दर बुधवारी रात्री एकेक पायरी चढत जात आणि अव्वल गाणे अगदी शेवटी येई. तोवर घरोघर पाने खोळंबत. जाहिरात तेथेही होतीच, कार्यक्रमाच्या नावातच टूथपेस्ट होती! पण कार्यक्रम संपण्यापूर्वी उत्तर मिळे. पुणे केंद्रावर १९५५-५६ साली झालेल्या माडगूळकर-फडक्यांच्या ‘गीतरामायणा’त तर लपविण्यासारखे काहीच नव्हते. कथा साऱ्यांना ठाऊक. तरी ५६ गीतांसाठी लोक वर्षभर आठवडा मोजीत राहिले.

आम्हाला विविध भारतीची जुनी रीत अधिक सभ्य वाटते. गाण्याआधी चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार यांची नावे सांगायची. बसायचे की उठायचे, ते श्रोत्याने ठरवायचे. (फर्माईश करणाऱ्यांची लांबलचक यादी ऐकावी लागे, हा भाग निराळा.) नव्या रीतीत बळी गेला तो या नावांचा. आधी सांगावीत तर श्रोता निसटेल, नंतर सांगावीत तर वेळ नाही. आज घरातल्या मुलांना गाणे तोंडपाठ असते. चाल कोणाची म्हणून विचारले, तर ती नटाचे नाव सांगतात.