रुंद टायर आणि आपला घाट

परवा भाच्याचा फोन. जुनी ऑक्टाव्हिया घेतलीये, आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ पासून जुळायची ती. आता तिला २००४ साली आलेल्या आरएससारखी स्पोर्टी करायचीये. १७ इंची अलॉय, रुंद टायर. "मामा, काय रुबाब दिसेल!"

दिसेल रे बाबा. पण जरा गणित करू.

१९५/६५ आर१५ काढून २२५/४५ आर१७ लावला, तर चाकाची एकूण उंची तेवढीच राहते, साधारण ६३४ मिमी. स्पीडोमीटर खोटं बोलत नाही. पण रिम मोठी झाल्यामुळे रबराची भिंत १२७ वरून १०१ मिमीवर येते. खड्ड्याचा दणका सोसते ती हीच भिंत! कोरड्या, गुळगुळीत रस्त्यावर रुंद टायर वळणाला छान धरतो, हे मान्य. पावसात मात्र त्याला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, आणि वेगात तो लवकर तरंगतो.

सोयगावहून संभाजीनगरला जायचं तर फर्दापूरनंतर अजिंठ्याचा घाट आहेच. पावसाळी रात्र, मागे ताई बसलेली, आणि न दिसलेल्या खड्ड्यात रिम वाकून हवा गेली तर? रुबाब काय कामाचा?

हौसेला माझा विरोध नाही. पण आधी त्याच मापाचे चांगले, नवे टायर घ्यावेत आणि हवा नियमित तपासावी. अगदीच राहवलं नाही, तर कंपनीने त्या गाडीसाठी मान्य केलेल्या मापाच्या पुढे जाऊ नये.

एवढं सगळं ऐकून भाचा म्हणाला, "बघतो."

असो. ताईला फोन करायलाच हवा :)