चेहरा तिचा, किकही तिचीच!

काय दोस्तांनो, घटक चाचणी संपली ना? मग टेका जरा. आईबाबा, तुम्हीही या. आजच्या गप्पा तुमच्याही कामाच्या आहेत.

तुम्ही कधी एखाद्या सिनेमाची वाट पाहिलीय? शुक्रवारी लागणार, रविवारी जायचं, अशी दोन दिवसांची नव्हे हं. चांगली अडीच वर्षांची! माझ्या भाचीनं पाहिली. तेव्हा ती पाचवीत होती आणि तायक्वांदोच्या क्लासला जायची. कमरेला पिवळा पट्टा. क्लासमध्ये मुलगे सतरा आणि मुली दोन. त्यातली दुसरी दिवाळीनंतर यायचीच बंद झाली. मग हिच्या जोडीला सरावात मुलगेच. ते एक तर हिला लागेल म्हणून हळू मारायचे, नाहीतर मुद्दाम जोरात. "मामा, मला क्लास सोडायचाय. पण आईला सांगू नकोस," असं तिनं मला गच्चीवर हळूच सांगितलं होतं.

आणि त्याच सुमारास, म्हणजे 2019 साल संपता संपता, एक बातमी आली. राम गोपाल वर्मा एक सिनेमा काढतायत, भारत आणि चीन यांचा मिळून. सगळा मार्शल आर्ट्सचा, आणि लढणार कोण, तर मुलगी! नाव 'एंटर द गर्ल ड्रॅगन'. पुढे आपल्याकडे त्याचं नाव झालं 'लडकी'. नायिका पूजा भालेकर. ही आधी तायक्वांदोपटू, मग नटी.

"भालेकर? म्हणजे मराठीच की!" आजी खूश.

भाचीला आडनावाशी काही देणंघेणं नव्हतं. तिनं जाहिरातीतली एकच किक थांबवून थांबवून, मागे नेऊन, पुन्हा पुन्हा पाहिली. आणि मग जाहीर केलं, "मामा, ही खरी आहे!"

आता सिनेमातली किक खरी म्हणजे काय? सांगतो. पडद्यावरच्या मारामारीत फसवायच्या युक्त्या पुष्कळ. ज्याला लढता येत नाही त्याचा आधी नुसता चेहरा दाखवतात, लालेलाल झालेला. कट! मग नुसता पाय. कट! मग खलनायक टेबलाचे तुकडे करत धाडकन पडतो. चेहरा कोणाचा ते आपल्याला ठाऊक असतं, पण पाय कोणाचा? तो बहुतेक वेळा डुप्लिकेटचा. आणि नायिकेचा डुप्लिकेट म्हणून कित्येकदा चक्क एखाद्या पुरुषालाच केसांचा टोप घालून उभं करायचे!

बायका ते काम करत नव्हत्या असं नाही बरं का. 'शोले' तुम्ही टीव्हीवर पाहिलाच असेल. 1975 सालचा. त्यात बसंतीचा टांगा काय सुसाट सुटतो! टाळ्या कोणाला मिळाल्या? हेमा मालिनींना. पण त्यांच्या जागी ते जिवावरचे स्टंट केले होते रेश्मा पठाण यांनी. चौदा वर्षांच्या होत्या तेव्हापासून त्या हे काम करत होत्या. म्हणजे तुमच्याच वयाच्या! त्यांच्यावर सिनेमा निघाला तो थेट 2019 मध्ये. लागणार-खुपणार एकीला आणि चेहरा दिसणार दुसरीचा, अशी ही वाटणी. म्हणून तर माझी भाची त्या एका किकवर अडून बसली होती. त्या किकेत पाय आणि चेहरा एकाच चौकटीत दिसत होते.

ओळखायची सोपी रीत सांगू? मारामारी सुरू झाली की मनात आकडे मोजायला लागा. एक, दोन, तीन... चित्र बदललं की पुन्हा एकपासून. दोनच्या पुढे जाताच येत नसेल तर समजा, सगळी कात्रीची करामत. पण कॅमेरा लांब उभा आहे, माणूस डोक्यापासून टाचेपर्यंत दिसतोय, चेहरा ओळखू येतोय आणि तुम्ही आरामात सहा-सातपर्यंत पोचलात, तर त्या माणसाला खरंच काहीतरी येतंय! (लागत मात्र तेव्हाही नाही. ठोसा नाकापासून वीतभर लांबून जातो, कॅमेरा अशा कोनात ठेवतात की तो लागल्यासारखा वाटतो. घरी धाकट्या भावावर प्रयोग करू नये.)

या परीक्षेत सगळ्यात पुढे ब्रूस ली. तो 1940 साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला जन्मला, हाँगकाँगला वाढला आणि 20 जुलै 1973 रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेला. त्याचा 'एंटर द ड्रॅगन' थिएटरांत लागला तेव्हा तो या जगात नव्हता. आता कळलं ना, 'गर्ल ड्रॅगन' हे नाव कुठून आलं ते? 'लडकी'ची नायिका त्याचीच चाहती आहे आणि त्यानं घडवलेली जीत कुन डो ही लढण्याची पद्धत तिला येते. त्या चिनी शब्दांचा अर्थ, अडवणाऱ्या मुठीचा मार्ग. समोरच्याचा ठोसा निघतो न निघतो, तोच तो वाटेत गाठायचा आणि आपला मारायचा.

गंमत पुढेच आहे. हा ब्रूस ली लहानपणी हाँगकाँगमध्ये जी विद्या शिकला तिचं नाव विंग चुन. आणि विंग चुन हे म्हणे एका मुलीचं नाव! एक दांडगट तिच्याशी जबरदस्तीनं लग्न करायला निघाला होता. एका बौद्ध भिक्षुणीनं तिला ही विद्या शिकवली आणि तिनं त्याला लोळवलं. दंतकथा आहे, खरीखोटी कोण सांगणार! पण ब्रूस लीच्या गुरूंच्या परंपरेत ती सांगतात, हे मात्र खरं.

'लडकी'च्या जाहिरातीत आणखी एक गोष्ट ठासून सांगत होते: भारतातला पहिला मार्शल आर्ट्स सिनेमा! आता 'पहिला' हा शब्द दिसला की मी चष्मा पुसून घेतो. केरळात कळरीपयट्टू नावाची जुनी युद्धकला आहे. तिथल्या लोकगीतांत उण्णियार्चा नावाची लढवय्यी आहे. जत्रेला निघालेली असताना गुंडांनी तिची वाट अडवली. नवरा घाबरून थरथरायला लागला, पण तिनं तलवार उपसली. त्यांच्या म्होरक्यानं माफी मागितली तेव्हाही तिनं नुसतं 'बरं' म्हटलं नाही. या वाटेनं जाणाऱ्या कुठल्याही बाईला पुन्हा त्रास होणार नाही, असा शब्द घेतला. तिच्यावर 'उण्णियार्चा' हा मल्याळम सिनेमा निघाला 1961 मध्ये! रागिणी या नटीनं तिचं काम केलं होतं.

आणि मुंबईत? त्याच्याही आधी, 1935 साली, वाडिया बंधूंचा 'हंटरवाली' लागला. नाडिया ही मूळची ऑस्ट्रेलियात जन्मलेली, सर्कशीत काम केलेली धिप्पाड बाई. हातात चाबूक, डोळ्यांवर मुखवटा, आणि स्टंट सगळे स्वतःचे स्वतः. पुढच्याच वर्षीच्या 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये ती धावत्या आगगाडीच्या टपावर मारामारी करते. ते काही कराटे-बिराटे नव्हतं, निव्वळ धाडस होतं. पण आपल्या आकड्यांच्या परीक्षेत ती पैकीच्या पैकी मार्क घेऊन पास!

म्हणजे पहिली कोण, हा वाद चालूच राहील. माझं म्हणणं वेगळंच आहे. आपल्या कोल्हापूरकडे मर्दानी खेळात मुली दांडपट्टा फिरवतात. कोपरापर्यंत हात लोखंडी खोबणीत, मनगट वळवायची सोय नाही, सगळी ताकद खांद्यातून काढायची. 2024 मध्ये तर दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र ठरला. त्यावर एखाद्या मुलीचा सिनेमा का नसावा? मी स्वतः पहिल्या रांगेत बसेन, मान दुखली तरी.

असो. आपण भाचीकडे वळू. कोरोना आला, थिएटरं बंद, क्लासही बंद. सिनेमाची तारीख पुढे, आणखी पुढे. पण क्लास सोडायची भाषा मात्र बंद झाली होती. "तो लागेपर्यंत तरी जाते," असं तिचं ठरलं होतं. क्लास पुन्हा सुरू झाल्यावर परीक्षा दिली, हिरवा पट्टा आला.

मग नवी जाहिरात आली आणि घरात ठिणगी पडली. माझ्या बहिणीनं ती पाहिली आणि मोबाइलच काढून घेतला. "मुलगी लढायला निघालीय ना? मग कॅमेरा तिच्या पोहण्याच्या कपड्यांवर कशाला रेंगाळतोय?"

"आई, पण किक खरी आहे!"

"किक खरी आहे गं. दाखवणाऱ्याची नजर बघ कुठं आहे ती!"

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. अशा वेळी मामांनी पाणी प्यायला उठायचं असतं, पण मी बसून राहिलो. मला तर दोघींचंही पटत होतं. इतकी वर्षं कॅमेरा नायिकेचा नुसता चेहरा दाखवून पाय लपवायचा. आता पाय दाखवायला निघाला तर तिथंही पायाच्या कसबापेक्षा बाकीचंच जास्त बघत बसला. यात त्या मुलीच्या मेहनतीचा काय दोष? मी तसं म्हणालो. बहीण म्हणाली, "दोष तिचा नाहीच. पण तिकीट आपलं आहे." यावर मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचलं तर पत्र पाठवा.

अखेर 15 जुलै 2022 रोजी 'लडकी' लागला. आमच्या गावात आलाच नाही. मोठ्या शहरांतही फार दिवस टिकला नाही. अडीच वर्षं वाट पाहिली ती अशी विरून गेली. आता ही रडणार, निदान दोन दिवस फुगून तरी बसणार, अशी माझी खात्री होती. संध्याकाळी गेलो तर बाईसाहेब गच्चीवर! भावाच्या हातात मोबाइल देऊन त्याला पार टाकीपाशी उभं केलेलं.

"अजून मागे जा. माझं डोकं आणि पाय दोन्ही दिसले पाहिजेत. आणि मध्ये बंद करायचा नाही!"

तिनं दोल्यो चागी मारली, म्हणजे कमरेतून फिरवून मारायची किक. एकदा, दोनदा, दहादा. मग आम्ही तिघांनी ते चित्रीकरण पाहिलं. मी मनात आकडे मोजत होतो. सत्तावीसपर्यंत गेलो की हो! मी शाबासकी द्यायला हात वर केला, तर तिनं तो बाजूला सारला आणि चित्र पुन्हा मागे नेलं.

"हे बघ मामा! माझा खालचा पाय वळतच नाहीये. म्हणून किक अर्धी राहतेय. सर सांगत होते ते हेच!"

मोबाइल पुन्हा भावाच्या हातात गेला. मी खाली उतरलो तेव्हा वरून आवाज येतच होता, "मागे जा, अजून मागे!"