चालत्या यंत्राची हकालपट्टी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या संगणक-प्रणालीच्या नियमित सुरक्षा-दुरुस्तीची मुदत संपविली, आणि ज्या संगणकांत टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप नाही अथवा ज्यांचे प्रोसेसर सुमारे २०१७ पूर्वीच्या पिढीचे आहेत, ते कितीही सुस्थितीत असले तरी ‘विंडोज ११’साठी अपात्र ठरले. घरगुती ग्राहकांना एका वर्षाची जादा मुदत देऊ करण्यात आली खरी. परंतु युरोपात ग्राहक-संघटनांनी तगादा लावल्यावर जी सवलत विनामूल्य मिळाली, तिच्यासाठी आपल्याकडे यंत्रातील सेटिंग्ज कंपनीच्या हवाली करणे, रिवॉर्ड पॉइंट खर्चणे किंवा ३० डॉलर मोजणे असे पर्याय पुढे ठेवले गेले.

लखनौत राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न निव्वळ तांत्रिक वाटणे शक्य नाही. मार्च २०१३ मध्ये अखिलेश यादव यांच्या सरकारने ज्या लॅपटॉप-वाटपाचा प्रारंभ या शहरात केला आणि ज्यातून पुढे राज्यभरातील बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांच्या हाती सुमारे १५ लक्ष यंत्रे पोचली, ते वाटप म्हणजे असंख्य घरांतला संगणकाचा पहिला प्रवेश होता. त्या यंत्रांपैकी जी आजही कुणा धाकट्या भावंडाच्या अभ्यासाला किंवा लहानशा दुकानाच्या हिशेबाला उपयोगी पडत असतील, त्यांतील एकही नव्या प्रणालीच्या निकषांत बसत नाही. रॅम वाढवून, जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवून अशा यंत्रांचे आयुष्य लांबविणारे कुशल कारागीर हजरतगंजजवळच्या नाझा मार्केटात आहेत. पण प्रोसेसरच अपात्र ठरला, तर त्यांच्यापाशीही अधिकृत इलाज उरत नाही.

ज्यांची यंत्रे पात्र ठरली, त्यांचीही सुटका झालेली नाही. उत्तर प्रदेशच्या कचेऱ्यांत, वकिलांच्या दप्तरांत आणि टंकलेखनाच्या परीक्षांत दीर्घकाळ रूढ असलेला ‘कृतिदेव’ हा फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवितो. नवी प्रणाली टाकताना तो राहून गेला, की वर्षानुवर्षांचे अर्ज, करारनामे आणि दावे पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांच्या ओळी होऊन उभे राहतात. जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर मिळत नाही, जनसेवा केंद्रातील बोटांचे ठसे घेणारे यंत्र ओळखले जात नाही, आणि अर्जाच्या शेवटच्या तारखेला संगणक ‘अपडेट’ होत बसतो; त्यात बुडालेला सामान्य माणसाचा दिवस कोणाच्याच जमाखर्चात धरला जात नाही.

याच लखनौत १९२६ साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांनी मॅरिस संगीत महाविद्यालय स्थापन झाले. त्यांनी मराठीत लिहिलेली ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ आणि क्रमिक पुस्तकांतील त्यांची स्वरलिपी आजचा विद्यार्थी कोणाच्याही परवानगीवाचून उघडू शकतो, वाचू शकतो, गाऊ शकतो. शतकापूर्वीचे ज्ञान असे खुले राहत असताना दहा वर्षांपूर्वीचा स्वतःचा दस्तऐवज परका व्हावा, ही अवस्था कोणत्याही सुविद्य समाजाने निमूट मान्य करण्याजोगी नाही.

सुरक्षा-दुरुस्तीची आवश्यकता मी नाकारीत नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रामने जगभरातील संगणक ओलीस धरले, तेव्हा त्याने वापरलेल्या छिद्रावरची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झालेली होती; ज्यांनी ती बसविली नव्हती, त्यांनाच प्रामुख्याने तडाखा बसला. परंतु नेमके याच कारणास्तव सुरक्षेची दुरुस्ती आणि नव्या सोयींचा आग्रह यांची फारकत झाली पाहिजे. छिद्र बुजविणे हे निर्मात्याचे कर्तव्य आहे. नवे रूप पत्करणे न पत्करणे ही मालकाची मर्जी आहे. पहिल्याच्या निमित्ताने दुसरे लादले जाते, तेव्हा ग्राहक दोहोंनाही भिऊ लागतो.

अकाली टाकलेल्या यंत्रांचे पुढे काय होते, हे पाहण्यासही आम्हाला दूर जावे लागत नाही. याच राज्यात, मुरादाबादेत, सर्किट बोर्ड जाळून धातू काढण्याच्या धंद्याने रामगंगेचा काठ विषारी केला आहे.

म्हणून केंद्राने आणि राज्यांनी संगणक-खरेदीच्या करारातच किती वर्षे सुरक्षा-दुरुस्ती मिळेल याची लेखी हमी घ्यावी, सरकारी दप्तरे युनिकोडमध्ये आणावीत, आणि केरळच्या शाळांनी मुक्त प्रणाली स्वीकारून जो मार्ग दाखविला आहे, तो जुन्या यंत्रांसाठी तरी अनुसरावा. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल उघडले. त्या हक्कात प्रणालीच्या दुरुस्तीचाही समावेश व्हावा. यंत्र मोडल्यावर ते टाकावे की नाही, हे मालक ठरवील. न मोडलेले यंत्र टाकण्यास भाग पाडण्याचा अधिकार कोणालाही असता कामा नये.