मुलांना म्हादईत उतरू द्या

पावसाळा सुरू झाला की आपल्या पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत सहलीचा विषय निघतो आणि दरवर्षी एकाच वाक्यापाशी येऊन अडतो : पाण्याजवळ नको. यंदा नववीच्या वर्गाला सत्तरीत म्हादई नदीवर, प्रशिक्षित मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली राफ्टिंगला न्यावे, असा प्रस्ताव एका शिक्षकांनी मांडला होता. तो फेटाळला गेला नाही. 'पुढे विचार करू' असे ठरले. प्रस्ताव बुडवण्याची ही आपली सभ्य रीत आहे आणि ती विश्वस्त, पालक, शिक्षक अशा सर्वांनाच चांगली ठाऊक आहे. तो प्रस्ताव बुडू नये, म्हणून हा लेख.

आम्ही म्हणजे सात मित्रमैत्रिणी, याच शाळेतून एकाच वर्षी दहावी झालेले. आमच्यापैकी चौघांची मुले आज याच शाळेत शिकतात. गेल्या जुलैत आम्ही सातहीजण याच नदीवर, याच मार्गाने जाऊन आलो. त्यामुळे आम्ही लिहितो आहोत ते ऐकीव नाही आणि पालक म्हणून वाटणारी धास्तीही आम्हाला परकी नाही.

ज्यांना या गोष्टीची माहिती नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वाळपईच्या पुढे उस्ते गावापासून सोनाळपर्यंत सुमारे दहा किलोमीटरचा हा पट्टा आहे. 2012 च्या पावसाळ्यापासून येथे राफ्टिंग चालते. गोवा पर्यटन विकास महामंडळाच्या सहकार्याने ते सुरू झाले. कोकणात कोलाडजवळ कुंडलिकेवर किंवा दांडेलीजवळ काळी नदीवर जे राफ्टिंग होते, ते धरणातून सोडलेल्या पाण्यावर. म्हादईवरचे सगळे पावसावर अवलंबून, म्हणून जून ते सप्टेंबर एवढाच त्याचा हंगाम. गंमत अशी की, हृषीकेशला गंगेवरचे राफ्टिंग जुलै-ऑगस्टमध्ये पुरामुळे बंद असते. तिकडे बंद, तेव्हा इकडे चालू. आमचा गाईड नेपाळचा होता आणि पावसाळ्यात इकडे येतो, असे त्याने सांगितले.

राफ्टिंगमध्ये नदीच्या खळाळांची पहिली ते सहावी अशी प्रतवारी करतात. पहिली म्हणजे नुसते वाहते पाणी. सहावी म्हणजे जिथे निष्णात माणूसही जिवावर उदार होऊनच उतरतो. म्हादईचा हा पट्टा साधारणपणे दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रतीत मोडतो. लाटा अंगावर येतात, राफ्ट उसळते, माणूस नखशिखांत भिजतो, कधी कोणी बाहेरही फेकला जातो. हे लपवण्यात अर्थ नाही. धोका मुळीच नाही, असे सांगणाऱ्यावर आम्ही आमची मुले सोपवणार नाही.

पण त्या धोक्याशी कसे वागतात, ते पाहण्यासारखे आहे. पाण्यात उतरण्याआधी काठावर बराच वेळ तालीम चालते. आधी लाईफ जॅकेट. त्याचे पट्टे आवळल्यावर गाईड प्रत्येकाजवळ येतो आणि खांद्याला धरून जॅकेट वर ओढून पाहतो. ते हनुवटीकडे सरकले तर पुन्हा आवळायचे. आमच्यातल्या एकाने 'श्वास घेता येत नाही' अशी तक्रार केली. गाईड हसून म्हणाला, 'बोल पा रहे हो, मतलब साँस चल रही है.' मग हेल्मेट. मग वल्हे. वल्ह्याच्या वरच्या टोकाला इंग्रजी टी अक्षरासारखी मूठ असते. तिच्यावरचा हात काही झाले तरी सोडायचा नाही. तो सुटला की मूठ शेजाऱ्याच्या तोंडावर आपटते आणि दात पडतात. नदीपेक्षा आपल्याच मित्राच्या वल्ह्यापासून सांभाळायचे असते, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

मग हुकूम. पुढे वल्हवा, मागे वल्हवा, थांबा, खाली बसा. चार-पाच शब्द, पण सगळ्यांनी एकाच वेळी पाळायचे. डावीकडच्यांनी पुढे आणि उजवीकडच्यांनी मागे वल्हवले की राफ्ट वळते. एकाने जरी 'मला वाटले म्हणून' वेगळे काही केले तर ती भलतीकडे जाते. गाईड मागच्या टोकाला बसून दिशा सांभाळतो, पण राफ्टला जोर बसणाऱ्यांनीच द्यायचा. वर्गात 'सांघिक भावना' या विषयावर आपण दरवर्षी निबंध लिहायला देतो. येथे तो निबंध तपासून लगेच गुण मिळतात.

सर्वांत महत्त्वाची तालीम पाण्यात पडल्यावर काय करायचे याची. आपली पहिली उर्मी असते उभे राहण्याची. गाईडने तीनदा बजावले : 'पानी में गिरे तो खड़े मत होना.' वाहत्या पाण्यात तळावर पाय टेकला आणि तो दोन दगडांच्या सांदीत अडकला, तर मागून येणारे पाणी माणसाला पुढे ढकलून खाली दाबते. कमरेएवढ्या पाण्यातही मग डोके वर काढता येत नाही. म्हणून पाठीवर पडायचे, पाय वर ठेवायचे आणि ते प्रवाहाच्या दिशेने पुढे असू द्यायचे. खडक आला तर पाय लागतात, डोके नाही. दुसऱ्याला राफ्टमध्ये ओढून घेताना त्याचा हात धरायचा नाही, जॅकेटचे खांद्यावरचे पट्टे धरायचे. राफ्टच्या पुढे एका लहान होडीत वेगळा माणूस असतो, त्याचे काम फक्त पडलेल्याला गाठायचे. गाईडजवळ पाण्यावर तरंगणाऱ्या दोराची पिशवी असते, ती नेमकी फेकायची कला त्याला येते. राफ्टमध्ये हवेचे अनेक कप्पे असतात, त्यामुळे एक फुटला तरी बाकीचे तिला तोलून धरतात. तळाच्या कडेला भोके ठेवलेली असतात, आत आलेले पाणी तेथून आपोआप निघून जाते.

आता आमचा खरा मुद्दा. आपण राफ्टिंगला नाही म्हणतो, तेव्हा मुले पाण्यापासून दूर राहतात, असा आपला समज असतो. तो खरा नाही. दहावीची परीक्षा संपली की, पहिला पाऊस पडला की, एखादा बंद जाहीर झाला की मुले कुठे जातात, हे पालकांना माहीत नसते, पण मुलांना विचारा. दुचाकीवर तिघे तिघे बसून धबधब्यावर. गावच्या कोंडीत. बंद पडलेल्या खाणीच्या खंदकात. तेथे लाईफ जॅकेट नसते, दोर नसतो, पोहणारा माणूस नसतो. घरी 'अभ्यासाला मित्राकडे जातो' असे सांगितलेले असते, म्हणून संध्याकाळपर्यंत कोणी शोधतही नाही. पावसाळ्यातल्या वर्तमानपत्रांत दर काही दिवसांनी कुठल्या वयाच्या मुलांची नावे येतात, ते आपण वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो.

धबधब्याखालच्या डोहाची खोली वरून कळत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर जोराचा पाऊस झाला की खाली ऊन पडलेले असतानाही पाणी काही मिनिटांत वाढते आणि स्वच्छ पाणी गढूळ होते. तो गढूळपणा म्हणजेच काठावर येण्याची सूचना. ती ओळखायला कोणी शिकवले आहे का? खाणीच्या खंदकाचे काठ सरळ तुटलेले असतात, वर यायला धरण्याजोगे काही नसते. आणि नदीवर आडवा घातलेला गुडघ्याएवढा बंधारा सगळ्यांत फसवा. त्यावरून पडणारे पाणी खाली गोल फिरून पुन्हा बंधाऱ्याकडेच येते आणि त्यात सापडलेल्याला बाहेर पडू देत नाही. दिसायला तो मोठ्या खळाळापेक्षा कितीतरी शांत दिसतो. हे सारे आम्हाला चाळिशी गाठताना एका नेपाळी गाईडकडून कळले. नववीत कळायला हवे होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 या एका वर्षात जगभर सुमारे तीन लाख माणसे बुडून मरण पावली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी 25 जुलै हा बुडण्यापासून बचावाचा दिवस म्हणून ठरवला. गोव्याच्या समुद्रकिनाऱ्यांवर 2008 पासून जीवरक्षक आहेत, त्यांनी किती जणांना ओढून काढले असेल याची गणती नाही. पण प्रत्येक ओहोळावर, प्रत्येक कोंडीवर जीवरक्षक नेमता येत नाही. जिल्हा प्रशासन पावसाळ्यात मनाईचे आदेश काढते, वनखाते फाटक लावते. ते योग्यच आहे. पण पंधरा वर्षांच्या मुलाला फाटकाच्या बाजूची पायवाट सापडते. पाणी काय करते, हे त्याला माहीत असले तर त्या पायवाटेवरून गेला तरी तो काठावर थांबण्याची शक्यता अधिक.

मुलींचा प्रश्न बैठकीत कोणी उघड बोलले नाही, पण बाहेर ओसरीवर तोच चालला होता. ओले कपडे, सोबतचे मुलगे, लोक काय म्हणतील. आमच्यातल्या तिघी मैत्रिणी याचे उत्तर थोडक्यात देतात : संपूर्ण बाह्यांचा शर्ट, गुडघ्याखाली जाणारी पँट, त्यावर जॅकेट, सोबत दोन शिक्षिका, कपडे बदलायला स्वतंत्र सोय आहे की नाही, ते आधी जाऊन पाहून येणे. यापलीकडे हा प्रश्न मोठा करू नये. मुलींना वगळून केवळ मुलग्यांना नेण्याची सूचना तर कोणी करूच नये, पाणी मुलगा-मुलगी पाहत नाही.

'हे साहेबी खूळ आपल्याला कशाला' असेही एका ज्येष्ठांनी म्हटले. त्यांच्याविषयी आदर बाळगूनच सांगतो की, गोमंतकीयांना पाण्याचे खेळ कोणी बाहेरून येऊन शिकवलेले नाहीत. सांजांवाला, म्हणजे 24 जूनला, गावोगावी विहिरींत उड्या पडतात. चवथीच्या दिवसांत कुंभारजुव्याला सांगोडोत्सव होतो, दोन होड्या एकत्र बांधून केलेल्या सांगडीवर देखावे घेऊन लोक पाण्यात फिरतात. राफ्ट म्हणजे रबराची सांगडच की! आपल्या आजोबांच्या पिढीला पोहता येत होते, कारण नदी घराच्या मागे होती. आपल्या मुलांची नदी पुलावरून बसच्या खिडकीतून दिसते.

आणि ही नदी म्हादई आहे, हेही विसरू नये. ती बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलात उगम पावते आणि गोव्यात येऊन मांडवी होते. पणजी आणि फोंड्याला ओपा येथून जे पाणी मिळते, ते तिच्याच खांडेपार या उपनदीचे. तिच्या पाण्यासाठी 2010 मध्ये लवाद नेमला गेला. 14 ऑगस्ट 2018 च्या निवाड्यात कर्नाटकाला 13.42, गोव्याला 24 आणि महाराष्ट्राला 1.33 टीएमसी पाणी दिले गेले आणि तिन्ही राज्ये त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. आपल्या मुलांनी यावर वक्तृत्व स्पर्धेत भाषणे केली आहेत, बक्षिसेही मिळवली आहेत. पण टीएमसी म्हणजे काय, ते किती जणांना सांगता येईल? एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. हा आकडा फळ्यावर लिहून कळत नाही. दहा किलोमीटर त्या पाण्यावरून गेले की थोडाफार कळतो. मधल्या संथ पट्ट्यात गाईडने वल्ही आत घ्यायला लावली. दोन्ही काठांवर जंगल वाकलेले, वरून पाऊस, आणि सातही बडबडे गप्प. खळाळापेक्षा ती दहा मिनिटे आमच्या अधिक लक्षात राहिली आहेत.

प्रस्ताव मान्य करताना अटी जरूर घालाव्यात. आम्हीच काही सुचवतो. दमा, फेफरे, हृदयविकार किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असलेल्या मुलांना नेऊ नये आणि पालकांनी हे लेखी कळवावे. वयाची आणि वजनाची आयोजकांची जी अट असेल ती तंतोतंत पाळावी, 'एवढ्याशाने काय होते' म्हणून रदबदली करू नये. प्रत्येक राफ्टमध्ये एक शिक्षक हवा. मोबाईल बसमध्येच राहावेत. एका राफ्टमध्ये ठरल्यापेक्षा एकही मूल जास्त बसवू नये. हंगामात गर्दी झाली की काही ठिकाणी असे प्रकार होतात, ते आम्ही पाहिले आहेत. आणि पाणी फार वाढले म्हणून गाईडने नको म्हटले, तर बस भरून आलेली असली तरी मुकाट्याने परतायचे. पैसे भरले आहेत, मुले हिरमुसतील, ही कारणे त्याच्यापुढे मांडायची नाहीत. मुलांना तिथून परतताना पाहायला मिळणेही वाईट नाही.

शुल्क काही कमी नाही, हे आम्हाला मान्य आहे. ज्या पालकांना ते परवडणार नाही, त्यांच्या मुलांचा खर्च आमच्या वर्गाचे माजी विद्यार्थी मिळून उचलतील आणि तो कोणाचा उचलला, हे वर्गशिक्षकांखेरीज कोणाला कळणार नाही. काठावरच्या तालमीचा भाग आधी शाळेच्या अंगणात करून दाखवायलाही आम्ही तयार आहोत. जॅकेट, हेल्मेट आणू. ज्या पालकांना पट्टे ओढून पाहायचे असतील त्यांनी अवश्य पाहावेत.

एक गोष्ट मात्र विश्वस्तांच्या नजरेस आणतो. सप्टेंबर सरत आला की म्हादईचे पाणी उतरते आणि हंगाम संपतो. चवथीच्या सुट्टीआधी निर्णय झाला, तरच यंदाच्या नववीला जाता येईल.