कीशचा कीस

'घरी केलं की स्वस्त पडतं' हे वाक्य ज्याने कुणी प्रथम उच्चारलं, तो नक्की पुरुष असला पाहिजे. आणि उच्चारताना तो पाटावर बसून पान वाढण्याची वाट पाहत असला पाहिजे. बाईने हे वाक्य काढलं असतं तर त्यात 'कुणी केलं की?' एवढा उपप्रश्न आलाच असता.

मी बी. कॉम. आहे. वीस वर्षं बँकेत काउंटरवर बसतो. संगणक आले, जाडजूड लेजरं गेली, पण जमा आणि नावे जुळल्याखेरीज घरी निघायचं नाही ही खोड गेली नाही. असं असूनही हे वाक्य मी हजार वेळा म्हटलेलं आहे. त्याविरुद्ध आज मी फिर्याद गुदरतो, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात पहिला मीच उभा राहतो.

प्रकरण घडलं ते असं. आमची कन्या मैत्रिणींबरोबर कुठल्याशा कॅफेत जाऊन आली आणि म्हणाली, "बाबा, आज कीश खाल्ली."

"बटाट्याचा की रताळ्याचा?" मी विचारलं. मला वाटलं, चतुर्थी असेल.

तिने कपाळावर हात मारून मोबाईलवर चित्र दाखवलं. मैद्याची खुसखुशीत वाटी, तिच्यात अंडी आणि क्रीम फेटून ओतायचं, हवं ते सारण घालायचं आणि भट्टीत भाजायचं. त्रिकोणी तुकडा, २४० रुपये.

"दोनशे चाळीस! अगं, घरी केलं तर..."

पुढचं तुम्हाला पाठ आहे. सौ. मेथी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मग करा ना. उद्या चौथा शनिवार, तुम्हाला सुट्टीच आहे. मला शाळा आहे."

आता नवं खातं उघडायचं तर आम्ही आधी कागदपत्रं तपासतो. ही कीश मूळची फ्रान्सच्या पूर्वेकडच्या लॉरेन प्रांतातली. नावाचं गोत्र मात्र जर्मन; त्यांच्याकडे केकला 'कूखन' म्हणतात, त्यावरून ते आलं. या लॉरेनचा एक तुकडा जर्मनीने १८७१ साली घेतला, तो पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सला परत मिळाला. तिथले सोवळे लोक कीशमध्ये अंडी, क्रीम आणि धुरावलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे एवढंच घालतात. चीज किंवा कांदा म्हटलं की त्यांचं सोवळं मोडतं. मी पालक, कांदा आणि चीज, तिन्ही घातलं. लॉरेनकरांनी मोठ्या मनाने क्षमा करावी.

आणखी एक कागद सापडला. अमेरिकेत १९८२ साली 'खरे पुरुष कीश खात नाहीत' अशा अर्थाच्या नावाचं एक विनोदी पुस्तक निघालं आणि धडाक्याने खपलं. पुरुषाने कीश खावी की नाही यावर एवढी चर्चा झाली. ती करायची कुणी, हा प्रश्न पुस्तकाच्या नावातसुद्धा आला नाही!

शनिवारी सकाळी मी कंबर कसली. पाव किलो मैदा, त्याच्या निम्मं लोणी, चिमूट मीठ. लोणी फ्रीजमधलं गार हवं आणि बोटांच्या टोकांनी चोळून मैद्याचा रवाळ भुगा झाला पाहिजे. इथे माझा घात झाला. कणीक म्हटली की ती तिंबायची, एवढंच मी लहानपणापासून पाहिलेलं. मी तिंबली. मैदा जितका तिंबावा तितका चिवट होतो. शिवाय एप्रिलच्या उकाड्यात लोणी वितळलं आणि परातीत रबरी चप्पल तयार झाली. ती भाजून पाहिली. चप्पलच निघाली.

दुसऱ्या वेळी बर्फाचं पाणी घेतलं, हात आवरता घेतला, गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये विसावा घेत पडला. मग लाटून डब्यात बसवला, काट्याने टोचे मारले, वर कागद घालून मूठमूठ राजमा पसरला आणि वाटी नुसतीच पंधरा मिनिटं भाजली. राजमा खायला नव्हे, वजनाला. हे केलं नाही तर तळ फुगतो, आणि वर ओलं सारण पडलं की खाली पिठाचा चिखल राहतो. मग परतलेला कांदा, पिळून कोरडा केलेला पालक, किसलेलं चीज. वरून तीन अंडी, क्रीम, दूध, मिरपूड आणि जायफळ. १८० अंशांवर पस्तीस मिनिटं. मधला भाग किंचित डुलत असतानाच बाहेर काढायचं. तो निवता निवता आपोआप धरतो.

झाली. फर्मास झाली. आठ तुकडे पडले.

संध्याकाळी मी हिशेबाला बसलो. मैदा, लोणी, अंडी, क्रीम, चीज, भाजी, वीज मिळून २७६ रुपये. आठने भागलं, तुकडा साडेचौतीसला! कॅफे २४०, आम्ही साडेचौतीस. मी विजयी मुद्रेने कागद सौ.पुढे धरला.

तिने तो वाचला आणि शिक्षिकेने वही परत करावी तसा परत केला. "मजुरी कुठंय?"

"मजुरी कसली? घरचंच तर काम."

"बी. कॉम. ना तुम्ही?"

हे वर्मी लागलं. कॉस्टिंगच्या पहिल्या धड्यात मजुरी असते. ती शून्य दाखवणाऱ्या कारखानदाराला परीक्षक नापास करतील. मी घड्याळ लावलं. बाजार, चप्पल, दुसरा गोळा, भट्टीसमोरचं उभं राहणं, भांडी, ओटा. एकूण पाच तास. (वाट पाहण्याचा वेळही धरला. काउंटरवर गिऱ्हाईक नसलं म्हणून आमचा पगार थांबत नाही.) माझ्या पगाराचा ताशी भाव ३५० रुपये. मजुरी झाली १७५०. एकूण २०२६. तुकडा २५३ रुपये २५ पैसे. म्हणजे कॅफेपेक्षा सव्वातेरा रुपयांनी महाग, आणि डब्याचा घसारा मी अजून धरलेला नाही.

आता माझा मुद्दा. 'घरी केलं की स्वस्त पडतं' हा हिशेब नसून अफरातफर आहे. स्वस्त पडत नाही. कुणीतरी फुकट राबतं आणि फरक आपल्या खात्यात जमा होतो. केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरच्या ज्या स्त्रिया घरचं बिनपगारी काम करतात, त्या दिवसाला सरासरी २९९ मिनिटं करतात. जे पुरुष करतात ते ९७. आणि असे करणारे पुरुष शंभरात सव्वीसच. माझ्या कीशला ३०० मिनिटं लागली. म्हणजे एका चौथ्या शनिवारी जो पराक्रम करून मी कंबर शेकत बसलो, तो घरोघरच्या बायका एक मिनिट कमी घेऊन रोज करतात.

राष्ट्राच्या ताळेबंदातही याची नोंद नाही. माणसाने आपल्या स्वयंपाकीणबाईशी लग्न केलं की राष्ट्रीय उत्पन्न घटतं, हे पिगू नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० सालीच दाखवून दिलं. तीच बाई, तीच चूल, तीच आमटी. फक्त पगार थांबला! ती खोट आजही तशीच आहे.

यावर लोक म्हणतात, "पण मायेचं मोल कसं करणार?" नका करू. मायेला किंमत नाही, कबूल, वेळेला आहे. मायेचं नाव पुढे करून वेळेचं बिल बुडवायचं, हा व्यवहार आमच्या काउंटरवर कुणी केला तर आम्ही साहेबांना बोलावतो. मी बायकोला पगार द्या म्हणत नाही. तो कुठून देणार? पण ज्याला 'घरचं' खाण्याची हौस आहे त्याने परातीशी उभं राहावं, आणि निदान तोवर 'स्वस्त' हा शब्द तोंडातून काढू नये.

माझं कौतुक मात्र खूप झालं. आईला अंडं चालत नाही, तिने न चाखताच तीन गावी फोन केले, "आमचा मुलगा फ्रेंच पदार्थ करतो हो!" शेजारी बघायला आले. सौ.ने होळीला चाळीस पुरणपोळ्या लाटल्या, तेव्हा कुणी बघायला आल्याचं मला स्मरत नाही.

वाढता वाढता सात तुकडे गेले. उरलेला आठवा कडेला मोडलेला होता, गार झाला होता. तो मी ओट्याशी उभ्याउभ्याच खाल्ला. खाताना लक्षात आलं, की आमच्या घरी मोडकी पोळी रोज कुणाच्या पानात जाते हे मी कधी पाहिलेलं नाही.

पुढच्या दुसऱ्या शनिवारी पोळ्या माझ्याकडे आहेत. गोल होण्याची हमी नाही.